पातळ पेज, घट्ट पेज

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. तिचा नातू सव्वा वर्षाचा आहे आणि महिनाभर पोटाने बेजार आहे. दोन दिवस बरं की तिसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब, खाणं नको, नुसती किरकिर. "तुझ्या भाचीचं असंच झालं होतं ना गं? तेव्हा काय काय दिलंत ते सांग, मी लिहून घेते."

मी सांगायला लागले आणि दहा मिनिटांत कळलं की हे फोनवर जमणार नाही. काय दिलं याची यादी चार ओळींची आहे. पण नुसती यादी घेऊन मावशीचं काही होणार नाही, कारण आमच्याकडेही यादी पहिल्यापासून होती! डब्यावर छापलेली होती, दवाखान्यातल्या कागदावर होती, आईच्या तोंडपाठ होती. तरी पोर वाळत गेलं.

तर मावशी, हे तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. आमच्या घरी जे चुकलं ते आणि मग शोधत, विचारत जे कळलं ते लिहितेय. त्यातलं बरंचसं माझ्याच हातून चुकलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माझं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. सासर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. दोन्हीकडे भातशेती, वरकस जमिनीवर नागली आणि वरी. आम्ही राहतो डोंबिवलीत. त्यामुळे गावाला जाताना पिशवी भरून न्यायची सवय आहे, आणि पिशवीत काय असतं? बिस्किटांचे मोठे पुडे. डोंबिवलीची आत्या येणार म्हणजे बिस्किटं येणार, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक.

भाची आठ महिन्यांची होती तेव्हा जून उजाडला. आमच्याकडे जून-जुलैत घरात कोणी थांबत नाही. लावणी म्हणजे लावणी. वहिनी सकाळी सातला शेतावर जायची ती जेवायलाही बांधावरच बसायची. पोर आईजवळ. आईचे गुडघे दुखतात, त्यात चूल, गुरं आणि ही रांगणारी पोर. त्या वर्षी मी मोठ्या प्रेमाने दोन वस्तू नेल्या. एक पावडरचा डबा आणि एक दुधाची बाटली. म्हटलं, वहिनी शेतावर असली तरी पोरीचं अडणार नाही. आई खूश, वहिनी खूश, आणि मी तर काय, केवढं मोठं काम केलं अशा थाटात कल्याणची एसटी पकडली.

तो डबा काही शे रुपयांचा. पंधरा दिवसांत संपायला हवा होता, तो दीड महिना पुरला. कसा पुरला असेल? तीन चमच्यांच्या जागी एक चमचा घालून. यात कोणाचा लबाडपणा नव्हता, काटकसर होती. आपल्या घरांत महाग वस्तू पुरवूनच वापरतात. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, तसंच हे. बाटलीचं बूच उकळायला दर वेळी चूल पेटवायची कोणी? विहिरीचं पावसाळी पाणी, त्यात खंगाळलेली बाटली. शिवाय बाटलीची सवय लागल्यावर पोरगी अंगावर कमी ओढायला लागली, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी होतं. ऑगस्टमध्ये जुलाब सुरू झाले.

मग एकेकाचं शहाणपण सुरू झालं. आई म्हणाली, "पोटाला जरा विसावा द्या. नुसती पेजेची निवळ पाजा." तिच्या सासूने तिला हेच शिकवलेलं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, दूध पूर्ण बंद, आणि आणखी एक वेगळा डबा लिहून दिला. शेजारणीने सांगितलं, केळं नको, सर्दी होईल. अंडं नको, उष्ण पडेल. डाळ नको, वायू होईल. मी फोनवरून सांगितलं, निदान बिस्किट तरी द्या, हलकं असतं. म्हणजे सगळ्यांचं मिळून पोरीच्या ताटात राहिलं काय? निवळ आणि बिस्किट. तेही चहात बुडवून.

सप्टेंबरात अंगणवाडीत वजन केलं. जूनमध्ये ६ किलो ८०० ग्रॅम होतं, आता ६ किलो ६००. तीन महिन्यांत वाढायचं सोडून घटलं. दंडाला पट्टी लावली तर १२.१ सेंटिमीटर, पिवळ्या रंगात. (या पट्टीवर साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एकच पट्टी.) वहिनीने मला फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. पिशवीत बिस्किटं होतीच. सवय!

अंगणवाडीच्या ताई आमच्याच गावातल्या. घरी आल्या, म्हणाल्या, "काय भरवता ते दाखवा." आईने वाटी आणली. ताईंनी चमचा बुडवला आणि तिरपा केला. पेज पाण्यासारखी ओघळून गेली. "ही पोटात जाते आणि लघवीवाटे निघून जाते. चमचा तिरपा केला तरी वर बसेल अशी पाहिजे." एवढंच बोलल्या. रागावल्या नाहीत.

रात्री मी कागद घेऊन हिशोब मांडला. एक वाटी निवळसर पेज म्हणजे फार तर १० ग्रॅम तांदूळ. त्यातून मिळतात साधारण ३५ कॅलरी. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला, आईचं दूध व्यवस्थित चालू असेल तर, वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. वर्षानंतर ५५०. आणि आमच्या पोरीचं आईचं दूध तर मी नेलेल्या बाटलीने कमी केलेलं. बाळाचं पोट मावेल किती? किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे आमच्या पोरीच्या पोटात एका वेळी २०० मिलिलिटर. एक वाटी! वाटीभर पेज प्यायली की पोट टम्म, पोर गप्प, आणि आपण समाधानी. ३०० कॅलरींसाठी अशा आठ-नऊ वाट्या लागल्या असत्या. मिळत होत्या तीन.

आता याच वाटीत एक चहाचा चमचा तेल घाला. चमचाभर तेलात साधारण ४० कॅलरी. म्हणजे एका चमच्याने वाटीची ताकद दुपटीहून जास्त झाली आणि पोटातली जागा तेवढीच लागली. ही गोष्ट मला, बी.कॉम. झालेल्या बाईला, वयाच्या चाळिशीत कळली. तोवर मीही "तेलकट नको, पचणार नाही" म्हणणाऱ्यांतलीच.

मला या लेखात म्हणायचं आहे ते हेच. पोट बिघडलेल्या लहान मुलाला काय द्यायचं हे निवडताना आपण सगळे "हलकं" या शब्दाला फसतो. हलकं म्हणजे आपल्या मनात पातळ, फिकं, थोडं आणि कमी वेळा. मुलाला नेमकं उलटं लागतं : मऊ पण घट्ट, थोडं पण पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक घासात काहीतरी दम असलेलं. जुलाब चालू असतानाही खाणं बंद करायचं नाही आणि आईचं दूध तर अजिबात नाही. आतड्याचं अस्तर पुन्हा भरून यायला अन्नच लागतं. बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यायचं, म्हणजे आजारपणात गेलेलं भरून निघतं.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातीच द्यायला सुरुवात केली. शेकडा ३० च्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण ४ च्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्याच पाण्याची पुडी आज आशाताईंकडे फुकट मिळते. एक लिटर पाण्यात एक पूर्ण पुडी, अर्धी-पाव नाही. त्याबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आमच्या वहिनीने तिसऱ्या दिवशी थांबवल्या होत्या, कारण "आता बरी झाली ना." दुकानात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे हे पाणी नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाला आदेश काढावा लागला की अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव लिहायचं नाही. साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. माझी एक बहीण अशी पाकिटं खोक्याने आणायची. (ताई, नाव घेतलेलं नाही.)

बरं, आता बिस्किट.

बिस्किटावर टीका करणारे लेख मी पूर्वी खूप वाचलेत. मैदा, साखर, पाम तेल वगैरे. सगळं खरं. पण ते लेख वाचून खेड्यातलं एकही बिस्किट कमी झालं नसेल, कारण ते का जिंकतं हे त्यात नसतं. बिस्किटाला चूल लागत नाही. वाटी लागत नाही. भरवायला माणूस लागत नाही. पाच रुपयांचा पुडा, पोराच्या हातात दिला की ते स्वतः चघळत बसतं आणि आजीला गुरांकडे बघता येतं. ज्या घरात भरवणारे हातच मोकळे नाहीत, तिथे बिस्किट हे खाणं नसतं, ती पाळणाऱ्या बाईची बदली असते. वहिनी मला म्हणाली होती, "ताई, मला कलतं सगलं. पन येल कुठं हाय?" या प्रश्नाला "नाचणी पौष्टिक असते" हे उत्तर नाही.

नाचणी पौष्टिक असतेच. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळाच्या कितीतरी पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा डोंबिवलीच्या मॉलमध्ये नागलीची बिस्किटंसुद्धा आली. आमच्याकडे मात्र नागलीची भाकरी म्हणजे गरिबीची खूण, म्हणून मुलाला मुद्दाम पांढऱ्या तांदळाचं आणि गव्हाचं द्यायचं. हा मान-अपमानाचा भाग आपणच गावात नेलेला आहे, माझ्यासारख्या पिशवीवाल्यांनी.

नागलीची खीर घट्ट केली की चिकट गोळा होतो आणि मूल गिळत नाही. पातळ केली की पुन्हा तोच पाण्याचा घोळ. यावरचा उपाय आपल्या घरांत जुनाच आहे, फक्त त्याचं कारण ठाऊक नसतं. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची, चाळायची. सत्त्व! मोड येताना धान्यात अमायलेज नावाचा पाचक रस तयार होतो आणि तो पिठुळपणा तोडतो. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर पूर्वी बरंच काम केलंय. आम्ही करून बघितलं. तांदूळ आणि मूगडाळीची घट्ट, चमचा उभा राहील अशी पेज शिजवली, खाली उतरवून जरा कोमट होऊ दिली आणि त्यात लहान चमचाभर मोडाच्या नागलीचं पीठ ढवळलं. पाच-सात मिनिटांत ती पेज सैल झाली. पाणी घातलं नव्हतं, म्हणजे ताकद तेवढीच. मग पुन्हा एक उकळी दिली आणि तेल घातलं. आई बघतच राहिली. "हे आम्ही करीत होतो, पन कशासाठी ते ठावं नव्हतं." एक काळजी घ्यायची, या कामासाठी मोडाचं पीठ खरपूस भाजायचं नाही. भाजलं की तो रस मरतो.

तर मावशी, तुझ्या यादीसाठी. मूगडाळ-तांदळाची घट्ट पेज, तेल घालून. नागलीचं सत्त्व. कुस्करलेलं केळं. उकडलेलं रताळं किंवा बटाटा. घरच्या ताज्या दह्याचा मऊ भात. पूर्ण उकडलेलं अंडं, आधी चमचाभर मग सगळं. नंतर नंतर आम्ही जवळासुद्धा दिला : धुऊन, वाळवून, भाजून, बारीक कुटून, पेजेवर चिमूटभर. तुमच्याकडे चालत नसेल तर शेंगदाण्याचं बारीक कूट. शेंगदाणा अख्खा द्यायचा नाही, घशात अडकतो. चहा बंद, कारण चहा असला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बाटली बंद, वाटी-चमचा. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतून तर नाहीच. आजीचं सगळं बरोबर नव्हतं आणि डॉक्टरांच्या डब्याचंही सगळं बरोबर नव्हतं. ताकभात आजीचा बरोबर होता, उपास चुकीचा होता.

यादी संपली. पण आमची पोरगी यादीने सुधारली नाही. दिवसातून पाच वेळा कोणीतरी तिच्यासमोर वीस मिनिटं बसलं म्हणून सुधारली. आम्ही कागदावर वेळा लिहिल्या आणि प्रत्येक वेळेपुढे नाव. सकाळी वहिनी, शेतावर जायच्या आधी. दहाला आई. दुपारी वहिनी, त्यासाठी ती बांधावरून घरी यायला लागली. चारला शेजारची नववीतली मुलगी, शाळा सुटल्यावर. आणि रात्री भाऊ. भाऊ आधी म्हणाला, "मला नाय जमायचं." पहिल्या दिवशी अर्धी पेज त्याच्या शर्टावर. चौथ्या दिवशी मात्र पोरगी त्याच्याच हातून सगळ्यात जास्त खायला लागली, कारण तो तिच्याशी बैलांबद्दल बोलायचा. तीन महिन्यांत वजन ७ किलो ९००. पट्टी हिरवी.

आमच्या घरात पाच माणसं निघाली. सगळ्यांच्या घरात निघत नाहीत, आणि इथेच मला सरकारला आणि आपल्यालाही बोलायचं आहे. मुरबाड-शहापूरच्या कातकरी, ठाकूर वाड्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी देण्याची अमृत आहार योजना २०१६ पासून आहे. अतिशय अशक्त मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रं काढली गेली, जिथे मुलाला दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवतात. चांगल्या गोष्टी आहेत. पण मूल भट्टीवर गेलं की त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' लागतं आणि त्याचं अंडं गावातच राहतं. भट्टीवर आई-बाप दोघंही मातीत. मूल पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीच्या हातात बिस्किट. तिथे जाऊन आहाराचं व्याख्यान देणारा माणूस मला भेटलाच तर मी त्याला विचारीन, भरवणार कोण?

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक छोटी तरतूद होती. कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला तिची पूर्ण मजुरी देऊन त्या मुलांजवळ बसवायचं. कागदावर ज्याने कोणी ती ओळ लिहिली त्याला नक्की कळलं होतं की मुलाच्या आहारातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे मोकळा माणूस. तीच गोष्ट प्रत्येक भट्टीवर, प्रत्येक लावणीच्या हंगामात झाली पाहिजे. पौष्टिक पाकिटांच्या निविदा निघतात, पाळणाघराच्या निघत नाहीत. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं गेली तेव्हा जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. जिल्ह्याची रेघ बदलली, भट्टीवरचं पोर मात्र अजून बहिणीच्याच कडेवर आहे.

आणि पाणी. शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. टँकरची वाट बघणारी बाई पाणी उकळून, हात धुऊन, बाटली निर्जंतुक करून... जाऊ द्या. पोटाचे आजार अन्नाने कमी आणि पाण्याने जास्त येतात, एवढं तरी मुंबईकरांनी लक्षात ठेवावं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक मुलाचं दुखणं एक नसतं. सासरी शेजारी एक मुलगा आहे, अंगाने ताठर, मान धरत नाही. जन्माच्या वेळी मेंदूला त्रास झालेला. त्याची आई त्याला आडवं धरून पातळ दूध पाजायची, तो दर घोटाला खोकायचा आणि दर महिन्याला छातीत कफ. ठाण्याला दाखवल्यावर कळलं की पातळ पदार्थ त्याच्या श्वासनळीत जातोय. आता त्याला टेकवून बसवून, मान किंचित पुढे ठेवून, मऊ घट्टसर पेज छोट्या चमच्याने देतात. म्हणजे तिथेही 'पातळ ते सोपं' हे खोटंच ठरलं. अशी मुलं गिळण्याच्या तज्ज्ञाला दाखवावी लागतात, आपला अंदाज चालवू नये.

काही मुलांना मोठ्या जुलाबानंतर थोडे दिवस वरचं दूध पचत नाही. तेव्हा दही चालतं, आणि काही आठवड्यांनी बहुतेकांना दूधही पुन्हा चालतं. आयुष्यभराची बंदी घालू नका. काहींना गव्हाचाच त्रास असतो. पण तशी शंका असेल तर रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसतच नाही. आणि मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, काही प्यायलाही तयार नाही, शीमध्ये रक्त दिसलं, दोन्ही पावलं सुजली किंवा जुलाब १४ दिवसांच्या वर गेले, तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा. मावशी, तुझ्या नातवाला महिना झालाय. म्हणजे आधी दवाखाना, मग पेज. आणि तिथे कोणी नुसता डबा लिहून दिला तर विचार, हे किती दिवस, किती चमचे, आणि याच्याऐवजी घरातलं काय चालेल. विचारायचं. आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. बाळाच्या दुधाच्या पावडरींची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. माझ्या पिशवीने ती जाहिरात फुकटात केली.

भाची आता पाच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा धावत आली, पिशवीत हात घातला. तिच्यासाठी केळी आणि चित्रांचं पुस्तक नेलं होतं. तिने दोन्ही बाजूला सारून तळापर्यंत शोधलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आत्या, बिस्कुट नाय आनलास?"

मावशी, वाचून झालं की फोन कर. आणि दुपारची वेळ कोण सांभाळणार ते आधी ठरव.